विश्लेषण : कोननच्या तलवारीवर मालकी कोणाची? मराठी कॉमिक्समध्ये त्याला आणता येईल का?

चिखली : तलवार, जादूटोणा आणि राक्षसांच्या जगात एकट्याने लढणारा कोनन कॉमिक्समध्ये पुन्हा जोरात आहे. लंडनच्या टायटन कॉमिक्सने २०२३ मध्ये त्याची नवी मासिक मालिका सुरू केली, २०२४ मध्ये ‘सॅवेज स्वोर्ड ऑफ कोनन’ही परत आणले. मोबाइल आणि टॅबवर चित्रे काढणारे तरुण आता तालुक्याच्या गावांतही आहेत. त्यांच्यापैकी कोणी कोननला मराठीत आणायचे ठरवले, तर कायदा आड येईल का?

कोनन आला कुठून?

रॉबर्ट हॉवर्ड हा त्याचा जनक. टेक्सासमधल्या क्रॉस प्लेन्स या छोट्या गावात बसून तो कथा लिहायचा आणि टपालाने मासिकांना पाठवायचा. कोननची पहिली कथा डिसेंबर १९३२ मध्ये ‘वियर्ड टेल्स’ मासिकात आली. १९३६ मध्ये, अवघ्या ३० व्या वर्षी हॉवर्डचे निधन झाले. कोननला घराघरांत नेले ते कॉमिक्सने. मार्व्हलने १९७० मध्ये सुरू केलेली मालिका १९९३ पर्यंत, २७५ अंक चालली. नंतर २००३ पासून डार्क हॉर्स, २०१९ पासून पुन्हा मार्व्हल आणि आता टायटन. प्रकाशक बदलत गेले, कारण कोननचे हक्क त्यांच्या मालकीचे नव्हते. ते परवान्यावर काम करत होते. सध्या हे हक्क ‘हिरोइक सिग्नेचर्स’ या कंपनीकडे आहेत.

मग परवान्याशिवाय काहीच करता येत नाही?

येते. फ्रान्समध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षांनी कॉपीराइट संपतो. त्यामुळे ग्लेना या फ्रेंच प्रकाशन संस्थेने २०१८ पासून हॉवर्डच्या मूळ कथांवर स्वतःचे अल्बम काढले. प्रत्येक कथेला वेगळे लेखक आणि चित्रकार. याच अल्बमचे इंग्रजी भाषांतर अब्लेझ या प्रकाशनाने २०२० मध्ये अमेरिकेत आणले, तेव्हा मुखपृष्ठावर मालिकेचे नाव होते ‘द सिमेरियन’. सिमेरिया हा कोननचा मुलूख. ‘कोनन’ हे नाव मालिकेला दिले नव्हते.

नाव का टाळले?

कथेवर कॉपीराइट असतो आणि त्याला मुदत असते. व्यापारात वापरले जाणारे नाव ट्रेडमार्कखाली येते. भारतात ट्रेडमार्कची नोंदणी १० वर्षांची असली, तरी ती पुन्हा पुन्हा वाढवता येते. म्हणजे कथा मोकळी झाली तरी नाव अडकलेले राहू शकते.

भारतात स्थिती काय?

१९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे कॉपीराइट राहतो. १९९२ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. कोणताही हिशेब धरा, हॉवर्डच्या हयातीत छापलेल्या कथांची मुदत संपली आहे. त्यांचे मराठी भाषांतर किंवा चित्ररूप करता येते. पण तीन गोष्टी सांभाळाव्या लागतील. एक, मार्व्हलने रंगवलेले रूप आणि पात्रे वापरता येणार नाहीत. तलवार चालवणारी ‘रेड सोन्या’ १९७३ मध्ये कॉमिक्सकारांनी घडवली, ती मूळ कोनन कथांत नाही. दोन, मुखपृष्ठावरचे नाव. तीन, इंटरनेट. वेबकॉमिक अमेरिकेतही उघडते आणि तिथे प्रकाशनापासून ९५ वर्षांचा नियम आहे. १९३२ ची कथा तिथे उशिरात उशिरा १ जानेवारी २०२८ ला मोकळी होईल, १९३६ च्या कथा २०३२ ला. पैसे गुंतवण्याआधी वकिलाचा सल्ला घेतलेला बरा.

मराठी वाचकाला हे नवे आहे का?

नाही. टाइम्स समूहाने मार्च १९६४ मध्ये मुंबईतून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले. ‘फँटम’ मराठीत ‘वेताळ’ झाला. त्याच्या देशाचे नाव बंगालशी मिळतेजुळते होते, म्हणून भारतीय आवृत्तीत ते ‘डेंकाली’ केले गेले. वेताळ इतका आपलासा झाला, तरी हक्क अमेरिकेतल्या किंग फीचर्सचेच राहिले. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडले. अनंत पै यांनी १९६७ मध्ये अमर चित्रकथा सुरू करताना उलटी वाट धरली. पुराणे आणि इतिहासातले नायक घेतले. त्यासाठी परदेशी कंपनीचा परवाना लागत नव्हता. ती पुस्तके आजही विकली जातात.

मग फायद्याचे काय?

कोनन करता येईल, पण नावासाठी सतत सावध राहावे लागेल. मराठीच्या कपाटात मात्र तलवार आणि अद्भुत यांची कमी नाही. लक्ष्मणशास्त्री हळबे यांची ‘मुक्तामाला’ १८६१ ची, रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ ची. ‘वीरधवल’ लिहिणारे नाथमाधव १९२८ मध्ये वारले. या मूळ कादंबऱ्यांवरचा कॉपीराइट केव्हाच संपला आहे आणि त्यांच्यावर चित्रमालिका काढायला कोणाला रॉयल्टी द्यावी लागत नाही. खरी अडचण वेगळी आहे. मार्व्हलने २३ वर्षे अंक काढत राहून कोननला मोठे केले. दर महिन्याला लेखक आणि चित्रकाराला मानधन देऊन तसा अंक काढत राहणारा मराठी प्रकाशक मिळणे, हे कायद्यापेक्षा अवघड आहे.