खर्चाची मर्यादा कोणी ठरवायची?

ॲरिझोना राज्यातल्या शहरांनी वर्षाला किती खर्च करावा, याची कमाल मर्यादा राज्याच्या घटनेत आहे. १९८० च्या जूनमध्ये मतदारांनी ती मंजूर केली. १९७९-८० या वर्षात शहराने केलेला खर्च हा पाया धरायचा आणि लोकसंख्या व महागाई वाढेल त्या प्रमाणात तो वाढवत न्यायचा, असे तिचे सूत्र आहे. कर्जफेड आणि केंद्राची अनुदाने तिच्यात धरत नाहीत. मर्यादा ओलांडणाऱ्या शहराला राज्याच्या प्राप्तिकरातून मिळणाऱ्या वाट्याला राज्य कात्री लावते.

याच घटनादुरुस्तीने एक वाट मोकळी ठेवली. नगर परिषदेने दोन जाहीर सुनावण्या घेऊन दोनतृतीयांश मतांनी ठराव करायचा आणि तो मतदारांपुढे ठेवायचा. बहुमत मिळाले की चार वर्षे राज्याचे सूत्र बाजूला राहते आणि शहराची मर्यादा शहरातच ठरते. या पर्यायाला तिथे ‘होम रूल’ म्हणतात. टिळकांच्या १९१६ च्या चळवळीमुळे हा शब्द मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. ॲरिझोनात त्याची व्याप्ती खर्चाच्या निर्णयापुरतीच आहे.

होम रूल म्हणजे परिषदेच्या हाती दिलेला कोरा धनादेश, हा विरोधकांचा मुख्य आक्षेप. तो ऐकताच पटतो, कारण करदात्याची भीती खरी असते. पण होम रूलने कराचा दर वाढत नाही आणि नवा करही लागत नाही. जमा होणारा पैसा खर्च करता येईल की नाही, एवढाच प्रश्न त्यात असतो. मालमत्ता कराच्या मुख्य आकारणीवर वेगळी मर्यादा आहेच. नवी बांधकामे सोडली तर ती वर्षाला दोन टक्क्यांनीच वाढते. प्राथमिक अंदाजपत्रक संमत झाल्यावर त्याची एकूण रक्कम वाढवता येत नाही. सेडोना शहर तर स्वतःचा मालमत्ता करच घेत नाही, आणि तरीही तिथे हा प्रश्न पुन्हा पुन्हा मतदानाला येतो. तिजोरीत पैसा असताना सांडपाण्याच्या वाहिनीची दुरुस्ती केवळ मर्यादा आड आली म्हणून रखडली, तर त्यात करदात्याचा एक पैसाही वाचत नाही.

राज्याचे सूत्र तटस्थ आहे, त्याला राजकारण ठाऊक नाही, हा दुसरा युक्तिवाद. सूत्र तटस्थ असेल, पण ते आंधळे आहे. १९८० मध्ये गिल्बर्ट हे ५,७१७ वस्तीचे शेतीप्रधान गाव होते; २०२० च्या जनगणनेत तिथे २,६७,९१८ लोक होते. छोट्या गावाचा माणशी खर्च महागाईने वाढवून अडीच लाखांच्या शहराला लावला, तर शहर झाल्यावर लागणारी अग्निशमन केंद्रे, उद्याने, सिग्नल आणि ग्रंथालये त्यात कुठून बसणार? सेडोनाची अडचण वेगळी. रहिवासी दहा हजारांच्या आत, पण तांबडे कडे पाहायला वर्षाला लाखो पर्यटक येतात. रस्ते, पोलीस आणि कचरा-व्यवस्था यांच्यावर तेही भार टाकतात. सूत्र मात्र फक्त रहिवासी मोजते. असाच फटका शाळांनाही बसतो: राज्यातल्या शाळांसाठीची एकत्रित खर्चमर्यादाही १९८० चीच आहे. तिच्यामुळे २०२२ मध्ये आधीच मंजूर झालेले सुमारे १.१५ अब्ज डॉलर शाळांना खर्चता आले नसते. ऐनवेळी विधिमंडळाने दोनतृतीयांश मतांनी त्या वर्षापुरती सूट दिली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच करावे लागले.

तिसरे मत होम रूलच्या बाजूच्यांचेच आहे, आणि तेही खोडले पाहिजे. परिषद लोकांनीच निवडली आहे, मग दर चार वर्षांनी विचारायचे कशाला? एकदाच पाया कायमचा वाढवून घ्यावा, असे ते म्हणतात. घटनेत तशी तरतूद आहे आणि प्रशासनाला ती सोयीची वाटते. पण परिषदेच्या निवडणुकीत उमेदवाराचा स्वभाव, गल्लीतला रस्ता, जुने हेवेदावे असे सगळे मिसळते. खर्चाचा प्रश्न वेगळा काढून विचारला, तरच त्याचे स्पष्ट उत्तर मिळते. शिवाय चार वर्षांनी पुन्हा याच मतदारांपुढे जायचे आहे, ही जाणीव अंदाजपत्रक मांडणाऱ्याचा हात आखडता ठेवते. कायमच्या वाढीत ती उरत नाही.

या पद्धतीत धोका आहे, हे मान्य केले पाहिजे. कौल विरोधात गेला तर राज्याची मर्यादा लागू होते आणि पुन्हा विचारायला किमान दोन वर्षे थांबावे लागते. म्हणून मतदानाआधी घरोघरी जाणाऱ्या माहितीपत्रकाचे महत्त्व मोठे. राज्याच्या सूत्राने किती खर्च करता येईल आणि होम रूलने किती, याचे चार वर्षांचे अंदाज त्यात शेजारी शेजारी छापलेले असतात आणि बाजूने व विरोधात आलेली मतेही असतात. या दोन आकड्यांतल्या फरकात कोणती कामे अडकली आहेत, हे परिषदेने त्याच पानावर नावानिशी लिहावे: कोणता रस्ता, कोणती वाहिनी, किती पोलीस.