सवाना वाचवली कोणी? शिकाऱ्यांच्या एका दंतकथेचा समाचार

१/ आफ्रिकेतील हरणे, झेब्रे आणि रानम्हशी स्थानिकांच्या तडाख्यातून गोऱ्या शिकाऱ्यांनी वाचवल्या, ही कथा शतकभर सांगितली जात आहे. शिकारवर्णनांनी आणि चित्रपटांनी ती घरोघर पोहोचवली. इतिहासाच्या कसोटीवर मात्र ती क्षणभरही टिकत नाही.

२/ आरंभ दक्षिण टोकाच्या केप वसाहतीपासून. ब्लूबक हे निळसर राखी कुरंग मुळातच विरळ होते, इ.स. १८०० च्या सुमारास वसाहतकारांच्या बंदुकांनी ते संपवले. क्वागा हा अर्ध्या अंगावर पट्टे असलेला झेब्रा. मेंढ्यांच्या चराईत वाटेकरी म्हणून आणि कातड्यासाठी तो मारला गेला. शेवटचा क्वागा १२ ऑगस्ट १८८३ रोजी अॅमस्टरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात मेला.

३/ बंदुकीहून भीषण ठरला तो रोग. १८८० च्या दशकाच्या अखेरीस इटालियन फौजेसाठी आणलेल्या गुरांबरोबर इरिट्रियात रिंडरपेस्ट उतरला, असे मानले जाते. मराठी मुलखात हाच रोग बुळकांडी म्हणून ओळखला जाई. दशकभरात तो केपपर्यंत पोहोचला. कित्येक प्रदेशांत दहापैकी नऊ गुरे मेली. रानम्हशी, ईलँड, कुडू आणि विल्डबीस्टही पटापट मेले.

४/ पशुपालक मासाईंवर दुष्काळ कोसळला, पाठोपाठ देवीची साथ आली. माळ ओस पडले. नंतर आलेल्या युरोपीयांनी त्या उजाड भूमीला 'अस्पर्श निसर्ग' असे नाव दिले. स्मशानशांततेला त्यांनी आदिम शांतता मानले.

५/ १९०० साली लंडनमध्ये युरोपीय सत्तांनी आफ्रिकेतील वन्यप्राण्यांच्या रक्षणाचा करार केला. त्या बैठकीत आफ्रिकी प्रतिनिधी एकही नव्हता. सिंह, बिबटे, रानकुत्रे यांना करारात 'उपद्रवी' ठरवले गेले. शिकाऱ्याला हवे असलेले प्राणी तेवढे रक्षणीय! करार पूर्णतः अमलात आला नाही, पण त्यामागची दृष्टी वसाहतींच्या कायद्यांत उतरली.

६/ १९०९-१० मध्ये अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट आणि पुत्र केर्मिट यांनी पूर्व आफ्रिकेच्या मोहिमेत ५१२ प्राणी टिपले. त्यांत १७ सिंह, ११ हत्ती आणि २० गेंडे होते. यास विज्ञान आणि मर्दुमकी म्हटले गेले. त्याच भूमीवर पोटासाठी बाण सोडणारा स्थानिक मात्र 'चोरटा शिकारी' ठरला. परवाना ज्याला परवडतो तो शिकारी, न परवडे तो गुन्हेगार.

७/ आणि रक्षक म्हणवणाऱ्या राजवटींनीच दक्षिण ऱ्होडेशियात त्से-त्से माशीच्या निर्मूलनासाठी लाखो वन्यपशू मारवले. कारण एकच: गुरांसाठी जमीन मोकळी हवी होती.

८/ सेरेंगेटी हे नावच मासाई भाषेतून आल्याचे सांगतात. मासाई परंपरेने वन्यपशूंचे मांस सहसा खात नाहीत. त्यांची गुरे पिढ्यान्‌पिढ्या कळपांशेजारी चरत होती. १९५१ मध्ये तेथे राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९५९ मध्ये मासाईंनाच बाहेर काढण्यात आले. उद्यानात माणूस नको, स्थानिकही नको, ही जर्मन प्राणिशास्त्रज्ञ बर्नहार्ड ग्झिमेक यांची भूमिका तेव्हा जगभर गाजत होती.

९/ पुढे काय घडले? १९६० च्या दशकारंभी सेरेंगेटीत विल्डबीस्ट सुमारे अडीच लाख होते. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ते सुमारे १३ लाखांवर गेले. या वाढीचे मूळ कारण भोवतालच्या पशुपालकांच्या गुरांना टोचलेली रिंडरपेस्टची लस हे होते. गुरे निरोगी झाली आणि कळप वाचले. ज्यांना शत्रू ठरवून हाकलले, त्यांच्याच गोठ्यातून सवानाचे पुनरुज्जीवन झाले.

१०/ आफ्रिकी सत्ताधीशांनी आणि व्यापाऱ्यांनीही हस्तिदंतासाठी हत्ती मारले, हे खरे. उद्यानांनी अनेक प्राणी राखले, हेही खरे. परंतु या सत्यांमुळे बंदूकधारी तारणहार ठरत नाही.

११/ हा वाद केवळ भूतकाळाचा नाही. 'निर्मनुष्य सवाना' या कल्पनेच्या आधारे टांझानियात मासाईंच्या विस्थापनाचा प्रश्न आजही पेटलेला आहे. दंतकथा खोडून काढणे म्हणूनच इतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. तिची किंमत आज जिवंत माणसे मोजत आहेत.