लहान गांवाचा इतिहास कोठें सांपडतो ?

राजधान्यांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार पुष्कळ असतात. लहान गांवाच्या वांट्यास बहुधा गॅझेटियरांतील दोन ओळी येतात, आणि त्याही वस्ती किती व बाजार कोणत्या वारीं, एवढेंच सांगतात. आमच्या वाशीम जिल्ह्यांतील आसेगांव घ्या. नांव काढतांच ऐकणारा विचारतो, कोणतें आसेगांव ? एक मंगरूळपीर तालुक्यांतील. दुसरें रिसोड तालुक्यांतील, त्यास आसेगांव पेन म्हणतात. तिसरें अमरावती जिल्ह्यांत चांदूर बाजार तालुक्यांत, तें आसेगांव पूर्णा. खुद्द मंगरूळ गांवासही तेथील दर्ग्यामुळें ‘पीर’ हें उपपद चिकटलें. एका नांवाचीं अनेक गांवें असलीं म्हणजे नदी, शेजार किंवा देवस्थान यांवरून गांव ओळखावयाचें, ही आपल्याकडील नित्याची रीत. ती रीत सोळाशें वर्षांमागेंही होती, असा लेखी पुरावा याच जिल्ह्यांत उपलब्ध झाला आहे.

वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. राजशेखरानें ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष व साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भांतील याच नगरांत झाल्याची कथा सांगितली आहे. येथें वाकाटक घराण्याच्या एका शाखेची राजधानी होती. त्या शाखेतील राजा दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट १९३९ सालीं वाशीम येथें प्रसिद्धीस आला. प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन हा या शाखेचा मूळपुरुष, ही गोष्ट त्या पटामुळें स्पष्ट झाली. म. म. वा. वि. मिराशी यांनीं पुढें वाकाटकांच्या सर्व लेखांचा जो संग्रह १९६३ सालीं प्रसिद्ध केला, त्यांत हा लेख विवेचनासह वाचावयास मिळतो.

इतिहासकारांनीं या पटांतून वंशावळ घेतली, तें योग्यच झालें. परंतु आमचें लक्ष वेधतें तें पटाच्या उत्तर भागाकडे. राजानें आपल्या कारकीर्दीच्या ३७ व्या वर्षीं अथर्ववेदी ब्राह्मणांस एक गांव दान दिलें. त्या गांवाचें नांव आकासपद्द. तें कोठें ? तर नान्दीकट, म्हणजे नांदेडच्या उत्तर मार्गावर, ताकालक्खोप्पक नांवाच्या गांवाजवळ. मार्ग आणि शेजार सांगून गांवाची ओळख पटविलेली आहे. आज आपण पाहुण्यास पत्ता सांगतों, तो याहून निराळा कोठें असतो?

यापुढें गांवास दिलेल्या सवलती येतात. राजाच्या शिपायांनीं गांवांत शिरूं नये. मीठ खणूं नये. सोनें वा धान्य मागूं नये. फुलें व दूध घेऊं नये. चामडें आणि कोळसा यांची मागणी करूं नये. वाचकांनीं ही यादी उलट बाजूनें वाचून पाहावी. या गांवाकडून जें घ्यावयाचें नाहीं, तें इतर गांवांकडून घेतलें जात असलें पाहिजे. म्हणजे त्या काळच्या खेड्यांत गुरें होतीं, फुलझाडें होतीं, कातडें कमावणारे व कोळसा पाडणारे होते, आणि सरकारी माणूस दाराशीं आला म्हणजे धास्तीही होती. ज्यांचीं नांवें कोणत्याही वंशावळींत नाहींत, त्यांचा संसार या निषेधांच्या यादींत उमटला आहे.

आणखी एक गोष्ट. राजाच्या पूर्वजांचें वर्णन संस्कृतांत आहे. गांवाचे हक्क मात्र प्राकृतांत आहेत. आम्हीं जन्मभर संस्कृत शिकविलें, तरी येथें प्राकृताचें महत्त्व अधिक मानतों. कीर्ति देववाणींत शोभते. परंतु आपला हक्क लोकांस कळावयाचा, तर तो लोकांच्या बोलींतच लिहिला पाहिजे.

आतां आसेगांवासारख्या गांवांचे ताम्रपट कोणते ? पहिला म्हणजे जमीन. वऱ्हाडांत गांवठाणास पांढरी व शेतास काळी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्यांच्या मातीच्या भिंती पडून, राख-शेण साचून पांढरी उंचावते. तिच्या पोटांत खापरें, मणी, नाणीं राहतात. दुसरा म्हणजे वेशींतला मारुति, पार, पडकी गढी, जुनी विहीर आणि शिवेचे दगड. तिसरा म्हणजे कागद. १८५३ सालीं वऱ्हाड इंग्रजांकडे आल्यावर पुढें शेताशेताची मोजणी झाली; आणि त्याआधींचे मोडी कागद अजून कित्येक घरांच्या पेट्यांत आहेत.

हे तीनही पट आज झिजत आहेत. गढीची माती ट्रॅक्टरनें शेतांत जाते. मोडी वाचणारीं माणसें विरळ झालीं. शेतांस गट क्रमांक मिळाल्यावर त्यांचीं जुनीं नांवें म्हाताऱ्यांच्या तोंडींच उरलीं आहेत, आणि एखाद्या शेताचें नांवच कधीं काळीं तेथें असलेल्या वाडीची किंवा तळ्याची शेवटची खूण असतें.

यासाठीं आमची सूचना अगदीं साधी आहे. ज्यांचें मूळ गांव असें लहान आहे, त्या कुटुंबांतील मुलांनीं सुटींत एक वही करावी. आजोबांकडून शेतांचीं व विहिरींचीं नांवें, आजीकडून गांवदेवतांचे वार, नैवेद्य व जात्यावरच्या ओव्या उतरून घ्याव्या. सांगणाऱ्याचें नांव व दिनांक शेजारीं लिहावा; ऐकीव तें ऐकीव म्हणूनच नोंदवावें; मोडी कागद रद्दींत न घालतां जाणत्यास दाखवावा. मळ्यांत राबणाऱ्यांसही विचारावें, कारण काळीची माहिती त्यांच्याइतकी कोणासच नसते. आणि हें सारें घरच्या बोलींतच लिहावें; आकासपद्दाच्या माणसांची आठवण जिच्यांत राहिली, तीही लोकांची बोलीच होती.