पंखा बिघडला, स्विच नव्हे

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या नांदूरघाटसारख्या गावातल्या कार्यालयात इंटरनेटच्या स्विचसाठी, म्हणजे अनेक संगणकांना एकत्र जोडणाऱ्या उपकरणासाठी, वातानुकूलित खोली नसते. भिंतीवरच्या लोखंडी पेटीत तो बसवलेला असतो, खाली कारकुनाचं टेबल आणि समोर दाखल्यासाठी ताटकळलेली माणसं. मोठ्या स्विचच्या पोटात चाळीस मिलिमीटरचे, म्हणजे साधारण आगपेटीएवढे पंखे असतात आणि ते मिनिटाला हजारो फेरे घेतात. बेअरिंगमधलं वंगण सुकलं, पात्यांवर धुळीची राखाडी साय चढली की घरघर सुरू होते आणि दिवसभर बोलणाऱ्याचा शब्द ऐकणाऱ्यापर्यंत पोचत नाही. अशा वेळी पंख्याची वायर उपसून टाकणं किंवा नव्या स्विचचा प्रस्ताव पाठवणं, हे दोन उपाय चटकन सुचतात. दोन्ही चूक आहेत. पंखा काही शे रुपयांचा, स्विच कित्येक हजारांचा. बोअरच्या मोटारीची बेअरिंग गेली म्हणून कोणता शेतकरी मोटार भंगारात घालतो?

वायर उपसली की शांतता मिळते, पण स्विच भाजू लागतो. अनेक स्विच ४५ ते ५० अंशांपर्यंतच्या हवेतच चालतील, असं त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं. बीड जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याखालच्या बंद पेटीत त्याहून जास्त तापतं. म्हणजे मुळातच हाताशी फार थोडी सवलत उरते. आतल्या कपॅसिटरचं आयुष्य साधारण दर दहा अंशांच्या वाढीला निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना हिशेब आहे. म्हणून ‘आवाज न करणारा’ एवढंच बघून मंद पंखा बसवणंही घातक. वेग निम्मा केला तर आवाज पुष्कळ उतरतो, पण हवाही निम्मीच वाहते. नवा पंखा घेताना लांबी-रुंदीबरोबर जाडी, व्होल्ट आणि मिनिटाला किती घनफूट हवा लोटतो ते जुन्याशी ताडून बघावं, आणि बेअरिंग शक्यतो छर्‍यांची घ्यावी. बहुतेकदा तीन तारा असतात, तिसरी फेऱ्यांची खबर देते. तारांचा क्रम कंपनीगणिक बदलतो. तो न पाहता जोडलं तर पंखा फिरत नाही किंवा स्विच बिघाडाचा दिवा लावतो.

वॉरंटी जाईल, ही हरकत रास्त आहे. मुदत असेपर्यंत स्विच उघडू नये, कंपनीलाच बोलवावं. पण घरघर बहुधा मुदत सरल्यावरच सुरू होते, आणि तेव्हा त्या कागदाचा उपयोग नसतो. बिनपंख्याचाच स्विच घ्यावा, असंही कुणी म्हणेल. आठ-दहा जोडण्यांना तो उत्तम, खरेदी करताना तोच निवडावा. पण जास्त जोडण्या आणि त्याच तारेतून कॅमेऱ्यांना वीज द्यायची असेल तर उष्णता वाढते, मग बहुधा पंखा लागतोच. तेव्हा प्रश्न पुन्हा दुरुस्तीवरच येतो. केंद्र सरकारने २०२२ च्या डिसेंबरात दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात शेतीची अवजारं, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं घेतली. सार्वजनिक पैशातून येणाऱ्या स्विचलाही हाच न्याय लावायला हवा. निविदेतच दोन जादा पंखे, त्यांचा मॉडेल क्रमांक आणि तारांचा क्रम दाखवणारा कागद मागावा. तो कागद पेटीच्या दाराला आतून चिकटवावा, म्हणजे मोटारीचं वाइंडिंग करणाऱ्या गावातल्याच मिस्त्रीला वीज बंद करून अर्ध्या तासात पंखा बदलता येईल.