वाटणी नसलेली मालकी

मोटोक्रॉसचा सराव करणाऱ्या आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी आजवर दुसऱ्याच्या जमिनीवर, दुसऱ्याच्या मेहेरबानीने आणि ही जागा पुढल्या हंगामात राहील की नाही या धास्तीतच गाडी चालवली आहे. कोणाचे पडीक माळरान, कोणाची बंद पडलेली खाण, कोणाचा मंजुरीच्या प्रतीक्षेतील बिनशेती भूखंड मिळतो; मुरमाचे उंचवटे रचले जातात, वळणे बसू लागतात, आणि नेमके तेव्हाच कुंपण पडते. २८ जानेवारी २०२४ रोजी पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली. परंतु क्रीडांगणात माती पसरून उभारलेला असा मार्ग स्पर्धेपुरता असतो; त्या मार्गावर उतरण्याची पात्रता ज्या सरावाने येते, त्या सरावाला वर्षभराची जागा हवी. तेव्हा रायडरांनी मिळून पैसा उभारावा आणि स्वतःच्या मालकीचा ट्रॅक घेऊन तो स्वतःच चालवावा, हा विचार आम्हांला सर्वस्वी इष्ट वाटतो. मात्र त्या मालकीचे स्वरूप काय असावे, हे पैसा गोळा होण्यापूर्वी ठरले पाहिजे.

अशा प्रयत्नास आपल्या देशात आधार नाही असे नाही. १९५३ साली स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने वर्षानुवर्षे शोलावरमच्या जुन्या धावपट्टीवर शर्यती भरवल्या आणि शेवटी श्रीपेरुंबुदूरनजीक इरुंगट्टुकोट्टई येथे स्वतःचा, सुमारे ३.७ किलोमीटर लांबीचा मार्ग बांधून १९९० मध्ये तो खुला केला. तो मार्ग डांबरी आहे आणि त्याचा व्याप आपल्या आवाक्याबाहेरचा आहे. पण शर्यतीच्या ध्यासाने एकत्र आलेल्यांची संस्था जागेची धनी होऊ शकते आणि पिढी बदलली तरी ते धनीपण टिकवू शकते, एवढे त्यावरून निःसंशय सिद्ध होते.

आता मावळातील कुरवंड्यासारख्या गावाचा विचार करू. लोणावळ्यालगतचे हे गाव मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांतील रायडरला पहाटे निघून संध्याकाळी घरी परतता येईल अशा अंतरावर आहे. परंतु ती रिकामी जागा आहे, असे समजून कोणी तिकडे जाऊ नये. १६६१ साली कारतलबखानाची फौज याच कुरवंडे घाटाने कोकणात उतरली आणि उंबरखिंडीत शिवाजी महाराजांच्या हाती सापडली. १९४५ पासून शेजारी आयएनएस शिवाजी ही नौदलाची अभियांत्रिकी प्रशिक्षण संस्था आहे. आणि जेथे आपल्याला नुसते पठार दिसते, तेथे कोणाची भातखाचरे, कोणाचे गुरचरण, कोणाची वहिवाटीची वाट असते. म्हणून पहिले काम सातबारा, फेरफार आणि मोजणीचा नकाशा तपासण्याचे, वनखाते व संरक्षण खाते यांचे निर्बंध समजून घेण्याचे. १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ अन्वये जो शेतकरी नाही त्याच्या नावे शेतजमिनीची विक्रीच काय, भाडेपट्टाही सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून वैध ठरत नाही. एखाद्या शेतकरी मित्राच्या नावे जमीन घ्यावी आणि आपसांत साध्या कागदावर हिस्से लिहून ठेवावेत, ही पळवाट सोपी वाटते. परंतु त्या मित्राच्या पश्चात वारसांची नोंद फेरफाराला चढली, की बाकीच्यांच्या हातात त्या कागदाखेरीज काहीही उरत नाही.

याहून मोठा धोका बाहेरून येत नाही. लोणावळ्याच्या परिसरात जमिनीला बंगल्यांचे मोल येते, आणि आज सरावासाठी दिलेली रक्कम दहा वर्षांनी कैक पटीने परत मिळण्याची शक्यता दिसली, म्हणजे संसारात गुंतलेल्या, गाडी सोडलेल्या, परदेशी गेलेल्या सभासदाने आपला हिस्सा मागणे मनुष्यस्वभावाला धरूनच होईल. यास्तव आमचे स्पष्ट मत असे, की कोणाही सभासदाला जमिनीत वैयक्तिक हिस्सा असू नये. जमीन संस्थेची, सभासदाचा हक्क वापराचा आणि मताचा, मत प्रत्येकास एकच, मग त्याने वर्गणी कितीही दिलेली असो, आणि सोडून जाणाऱ्यास फार तर त्याची मूळ ठेव परत. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीवाचून विकता येत नाही. ज्याला अनेकजण अडचण मानतात तो हा निर्बंध आपल्या कामी तटबंदीसारखा उपयोगी आहे, आणि असा न्यास स्थापता येईल काय हे विधिज्ञांकडून प्रथम तपासून घ्यावे.

मावळाला सामाईक शर्यतमार्गाची कल्पना नवी नाही. बैलगाडा शर्यतीचे घाट येथील गावोगाव आहेत. यात्रेच्या वर्गणीतून त्यांची निगा होते. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना मनाई केली, डिसेंबर २०२१ मध्ये त्या पुन्हा सुरू होऊ शकल्या, आणि लगोलग घाट पुन्हा गर्दीने फुलले. कारण घाटाला गाव आपला मानते. आपल्या ट्रॅकलाही गाव आपला मानील अशी तजवीज पहिल्या दिवसापासून हवी. कार्यकारी मंडळात ग्रामस्थांना मताधिकारासह जागा, राखणीचे आणि माती-पाण्याचे काम गावातल्या माणसांना, गावातल्या मुलांना प्रशिक्षण, आणि सरावाचे वार व तास ग्रामसभेपुढे ठरवलेले, इतके तरी घटनेत लिहिलेले असावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी क्षेत्रासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. घरांपासूनचे अंतर, मधला मातीचा बांध आणि सायलेन्सरची काटेकोर तपासणी यांवाचून ती पाळणे अशक्य.

राहता राहिली निगा, आणि सामाईक मालकीची खरी परीक्षा तेथेच होते. सरावाच्या दिवशी दुपारी एखादे वळण निरखून पाहावे: साऱ्या गाड्या एकाच रेषेने गेल्यामुळे आतल्या अंगाला घोट्याइतकी खोल चाकोरी पडलेली असते, बर्मची माती बाहेर फेकली गेलेली असते, आणि टेबलटॉपच्या चढणीवर मागच्या चाकांनी उकरलेला एक खड्डा पुढच्या रायडरच्या गाडीचे मागचे चाक अवचित उसळवून त्याला हँडलवरून पलीकडे फेकण्यास पुरेसा असतो. कडा कुदळीने मोकळ्या करून, ओली माती भरून तो चोपून बसवणे हे दोन माणसांचे थोड्या वेळाचे काम. ते राहिले तर कोणाचे मनगट, कोणाचा मणका जातो. पाण्याचा टँकर आदल्या संध्याकाळी फिरला तर पाणी रात्रभर मुरते. ऐन सकाळी फिरला तर वरचा थर निसरडा आणि खालचा कोरडा. लोणावळ्यात वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो, म्हणून चर आधी काढलेले नसतील तर उन्हाळाभराची मेहनत जुलैत ओढ्याला मिळते. चार महिने ट्रॅक बंदच ठेवून खर्चाचा ताळेबंद आठ महिन्यांच्या उत्पन्नावर बसवावा लागतो. अपघाताच्या प्रसंगी लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्र या संस्थेचे स्वयंसेवक डोंगरदऱ्यांत जे निरपेक्ष काम करतात, ते आदर्श म्हणून डोळ्यांपुढे ठेवावे. पण त्यांच्यावर भार टाकू नये. झेंडेवाले, प्रथमोपचारक आणि रुग्णवाहिका यांचा खर्च आपल्याच अंदाजपत्रकात असावा.

तरी आमची विनंती अशी, की प्रत्येक गटाने पावतीपुस्तक छापण्यापूर्वी घटनेचा मसुदा करावा, आणि त्यात प्रत्येक सभासदाच्या वर्गणीइतकेच त्याच्या श्रमाचे दिवसही सक्तीने नोंदावेत. जो फावडे धरणार नाही त्याने त्या महिन्यात गाडी उतरवू नये, हा नियम कर्त्या प्रायोजकालाही लागू असावा. एवढे मान्य करणारी वीस माणसे मिळाली, तर जमीन शोधण्यास निघावे. न मिळाली, तर कितीही निधी जमला तरी तो परत करावा.