संपादकीय : भाकरतुकडा नको, भट्टी हवी



यंदाची स्मरणिका आपल्या हाती देताना आम्हांस आनंद होत आहे. या पानासाठी आम्ही निवडलेला विषय वरकरणी किरकोळ वाटेल. तो आहे बेकरी. मायदेशातील आपल्या वस्त्यांत बंधुभगिनींच्या मालकीच्या लहान लहान बेकऱ्या उभ्या राहाव्यात आणि कॅनडातील आपल्या कुटुंबांनी त्यांस दान न देता भांडवल कर्जाऊ द्यावे, असा विचार आम्ही मांडीत आहोत.

बेकरीच का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. आपल्या पूर्वजांना गावकीच्या कामाचा मोबदला म्हणून घरोघर फिरून भाकरतुकडा गोळा करावा लागे. वतन म्हणून जे मिरवले जाई, ती वस्तुतः वेठबिगारी होती. परमपूज्य डॉ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतने रद्द झाली आणि तुकडा मागणे सुटले. परंतु आपल्या हातचे अन्न पैसे मोजून घेण्यास गाव तयार झाले काय? डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडातील चंपावत जिल्ह्यात, सुखीढांग येथील शाळेत दलित भोजनमातेने शिजविलेले अन्न सवर्ण मुलांनी नाकारले. ही घटना सर्व देशाने वाचली. शिवणयंत्र किंवा रिक्षा घेण्यास भांडवल पुरते. अन्नाच्या व्यवसायात भांडवलाबरोबर विटाळाच्या कल्पनेशीही सामना करावा लागतो.

आणि ही कल्पना अढळ नाही, याची साक्ष बेकरीच देते. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांवरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे प्रभृतींवर ग्रामण्य उभे राहिले होते. आज तेच बिस्किट महाराष्ट्रातील असंख्य घरांत सकाळच्या चहाबरोबर खाल्ले जाते आणि वडापावाचा पाव कोणी भाजला हे सहसा कोणी विचारीत नाही. इराणी, मुसलमान आणि गोवेकर ख्रिस्ती बेकरीवाल्यांनी उपदेश न करता, केवळ रोज पहाटे ताजा माल देऊन हे घडवून आणले. समतेचे कार्य सभेत होते, तसे दुकानाच्या फळीवरही होते.

आता भांडवलाचा प्रश्न. या बाबतीत ज्या देशात आपण राहतो त्याचाच इतिहास मार्गदर्शक आहे. आल्फॉन्स देजार्दाँ हे ओटावाच्या संसदेत भाषणे टिपून घेणारे लघुलेखक होते. १८९७ साली त्यांनी सभागृहात ऐकले की, माँट्रियलच्या एका माणसास १५० डॉलरच्या कर्जापोटी ५००० डॉलर व्याज भरावे लागले. हे ऐकून ते स्वस्थ बसले नाहीत. ६ डिसेंबर १९०० रोजी क्वेबेकमधील लेव्ही येथे त्यांनी सहकारी पतपेढी स्थापन केली. तिची पहिली ठेव १० सेंटची होती. पहिल्या दिवशी एकूण २६ डॉलर ४० सेंट जमा झाले. कारभार त्यांच्या घरातून चाले आणि ते ओटावास असताना पत्नी दोरिमेन तो सांभाळीत. तीच आज कॅनडातील सर्वांत मोठी सहकारी वित्तसंस्था आहे. आपल्याकडेही १९५९ साली गिरगावात सात महिलांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, त्यातून ‘लिज्जत’ उभे राहिले.

आपल्या धम्माशी नाते सांगणारे उदाहरण न्यूयॉर्कजवळ आहे. बर्नी ग्लासमन हे मूळचे विमानविद्येतील अभियंते, पुढे झेन आचार्य झाले. १९८२ मध्ये त्यांनी आपल्या संघाच्या वतीने ‘ग्रेस्टन बेकरी’ सुरू केली. पुढे ती याँकर्सच्या गरीब वस्तीत गेली. ज्याला काम हवे त्याने यादीत नाव घालावे, पाळी आली की कामावर रुजू व्हावे, असा तिचा शिरस्ता पडला. मुलाखत नाही, तुरुंगवासाची चौकशी नाही. या हातांनी भाजलेल्या ब्राउनी एका नामवंत आइस्क्रीममध्ये पडतात आणि बेकरीच्या आधाराने घरे, पाळणाघर यांसारखी कामे उभी राहिली. नफा हे साधन आणि माणूस हे साध्य, हा सामाजिक उद्योगाचा अर्थ तेथे पाहावयास मिळतो.

येथे एक इशारा देणे आम्ही वैद्य म्हणून कर्तव्य समजतो. मात्रा चुकली की औषधाचे विष होते आणि लघुकर्जाचेही तेच आहे. २०१० मध्ये आंध्र प्रदेशात वसुलीच्या तगाद्याने आत्महत्या घडल्या आणि सरकारला वटहुकूम काढावा लागला. व्याजाची पद्धत तर अवश्य पाहावी. एक लाख रुपये, दोन वर्षे, दरसाल १२ टक्के. व्याज मूळ रकमेवरच धरत राहिल्यास २४ हजार होते. उरलेल्या मुद्दलावर धरल्यास मासिक हप्त्यांनी सुमारे १३ हजार. दर तोच, पण ११ हजारांचा फरक गरिबाच्या खिशातून जातो.

म्हणून आमची सूचना अशी. मंडळाने वार्षिक वर्गणीतून ठरावीक भाग बेकरी निधीसाठी राखावा. कर्ज एकट्यास न देता बचत गटास द्यावे, उरलेल्या मुद्दलावरच अल्प व्याज घ्यावे आणि भट्टी पेटून माल विकू लागेपर्यंत हप्ता मागू नये. प्रथम वसतिगृहे व उपाहारगृहे यांच्याकडून मालाची मागणी मिळवावी, मगच यंत्र घ्यावे. यंत्र विजेचे वा गॅसचे असावे, कारण मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये लाकूड-कोळशाच्या भट्ट्या बदलण्यास सहा महिन्यांची मुदत दिली होती. मैद्याच्या जोडीस नाचणी-ज्वारीची बिस्किटे भाजल्यास मुलांच्या हाडांना चुना मिळेल, हे आम्ही वैद्यकीच्या अनुभवाने सांगतो.

कायद्याकडेही दुर्लक्ष नको. कॅनडाचे नागरिकत्व घेतलेल्यांचा पैसा भारतातील संस्थेस देताना तो परकीय निधी ठरतो. तो कायद्याने परवानगी असलेल्या संस्थेनेच स्वीकारावा लागतो. भारतीय पारपत्र असलेल्यांच्या स्वतःच्या बचतीस हे बंधन नाही. तेव्हा सल्ला घेऊनच पाऊल टाकावे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या योजना आणि अन्नप्रक्रिया उद्योगासाठी २०२० मध्ये सुरू झालेले केंद्राचे ३५ टक्के अनुदान यांचीही माहिती गटांस मिळवून द्यावी.

बुडीत कर्जाची भीती वाटेल आणि काही कर्जे बुडतीलही. परंतु दान घेणारा कायम घेणाराच राहतो, तर परतफेड करणारा आपल्या बरोबरीस येतो. परत आलेल्या प्रत्येक रुपयातून दुसऱ्या वस्तीत दुसरी भट्टी पेटावी. किती दिले, किती परत आले, किती बुडाले याचा हिशेब दरवर्षी याच स्मरणिकेत छापला जावा, असा आमचा आग्रह आहे. येत्या सर्वसाधारण सभेत हा ठराव मांडला जाईल. सर्व कुटुंबांनी, विशेषतः येथे जन्मलेल्या आपल्या मुलामुलींनी, त्यावर मोकळेपणाने मत द्यावे.

नमो बुद्धाय! जय भीम!