आरोपी सासूलाही वकील मिळतो

नेरूळ वा घणसोलीतील एखाद्या घरी सुनेच्या तक्रारीवरून पोलिसांचे बोलावणे येते. तक्रारीत नवऱ्यासोबत साताऱ्याकडे गावी राहणाऱ्या सासू-सासऱ्यांचीही नावे असतात. अशा वेळी पहिला दूरध्वनी वकिलाला जात नाही. तो ओळखीच्या कार्यकर्त्याला जातो. ‘पोलीस ठाण्यात जरा शब्द टाका.’ याला बचाव म्हणत नाहीत. तक्रार खरी असेल, तर शब्द टाकणारा एका पीडितेचे तोंड दाबत असतो. ती खोटी असेल, तरी निर्दोषत्व ओळखीने सिद्ध होत नाही.

१९८३ साली भारतीय दंड संहितेत आलेले कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८५ आहे. गुन्हा अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. मात्र अर्नेश कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्येच बजावले, की सरसकट अटक करू नये; अटकेची गरज नसेल तर आरोपीला हजर राहण्याची नोटीस द्यावी. ही नोटीस पाळणाऱ्यास कारणे नोंदविल्याशिवाय अटक करता येत नाही. म्हणून नोटीस आल्यावर गावी निघून जाणे हा सर्वांत वाईट सल्ला होय, आणि आपल्याकडे तोच आधी दिला जातो!

२००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा वेगळा. तिथे अर्ज दंडाधिकाऱ्यांपुढे होतो, पण संरक्षण, निवास, निर्वाहखर्च हे दिलासे दिवाणी स्वरूपाचे असतात. संरक्षण आदेश मोडला, तर मात्र एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. स्त्रियांनाही त्यात प्रतिवादी करता येते, याविषयी २०१६ च्या हिरल हरसोरा निकालानंतर शंका उरलेली नाही.

आणि इथेच फारशी ठाऊक नसलेली गोष्ट येते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मागता येतो. ती तक्रारदारच असली पाहिजे, असे कलमात कुठेही नाही. सासू व नणंद यांनाही तो हक्क आहे. कोठडीतील पुरुषालाही आहे. बाहेर असलेल्या नवऱ्याला किंवा सासऱ्याला मात्र बहुधा उत्पन्नाची अट लागते. वाशी-नेरूळकरांनी ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, पनवेल-खारघरकरांनी रायगडच्या प्राधिकरणाकडे अर्ज करावा. तक्रारदार सूनही तिथेच अर्ज करू शकते. वकील अर्थातच दोघींचे वेगळे.